मैत्रिणीला कॅन्सर झालाय? एकच काम घ्या, पण शेवटपर्यंत निभवा

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडून बघा. केमोथेरपीच्या आठ सायकल ठरल्या, तर प्रत्येक सायकलआधी रक्त तपासायला आणि डॉक्टरांना दाखवायला एक चक्कर, प्रत्यक्ष केमोला दुसरी. सोळा चकरा इथेच झाल्या. शस्त्रक्रिया, तिच्या आधीच्या तपासण्या, नंतरचं ड्रेसिंग आणि मधले स्कॅन धरले की आणखी आठ-दहा. रेडिएशनचे पंधरा-वीस दिवस तर रोजच जायचं. सगळं सुरळीत पार पडलं तरी दवाखान्याच्या चाळीसेक चकरा होतात. या काळात घरातला स्वयंपाक, मुलांची शाळा, नोकरीतली रजा, विम्याचे कागद, सासूबाईंची बीपीची गोळी यांतलं काहीही थांबत नाही.

निदानाची बातमी पसरते त्या पंधरवड्यात घर माणसांनी भरून जातं. शहाळी येतात, अंगारे येतात, ‘काही लागलं तर हक्काने सांग’ असं प्रत्येक जण म्हणून जातो. चौथ्या सायकलपर्यंत फोन विरळ होतात, आणि नेमकी तेव्हाच तिची ताकद सर्वांत कमी असते. हक्काने सांगायचं म्हटलं तरी कोणाला, कोणतं आणि कधी सांगायचं याचा विचार तिलाच करावा लागतो. म्हणून जवळच्या मैत्रिणीने किंवा मित्राने सगळ्याच गोष्टींना हात घालू नये. तिला विचारून एक ठरावीक काम उचलावं आणि उपचार संपेपर्यंत ते सोडू नये. दर गुरुवारचा डबा, प्रत्येक ओपीडीची सोबत, मुलाला क्लासला सोडणं-आणणं, विम्याची फाइल यांपैकी कुठलंही एक चालेल. विचारताना प्रश्न असा असावा की तिला फक्त हो किंवा नाही म्हणावं लागेल. ‘गुरुवारी तुझ्या ओपीडीला मी येतेय, साडेसातला खाली रिक्षा घेऊन उभी राहते, चालेल?’

आधी तिचं कॅलेंडर समजून घ्या

केमोच्या बऱ्याच औषधांची सायकल २१ दिवसांची असते. काही औषधं दर आठवड्याला किंवा पंधरवड्यालाही देतात. तिची सायकल कोणती ते विचारून तारखा स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवा. २१ दिवसांच्या सायकलमध्ये साधारणपणे पहिले चार-पाच दिवस मळमळ, उलट्या आणि गळून जाण्याचे असतात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या दिवसांत संसर्गाचा धोका जास्त, त्यामुळे भेटी, गर्दी, लग्नकार्यं टाळायची. शेवटच्या आठवड्यात तोंडाची चव आणि अंगातली ताकद थोडी परत येते. सिनेमा, बागेतला फेरफटका, मैत्रिणींचं जेवण हे सगळं या आठवड्यात ठेवा. सर्दी-खोकला झाला असेल, घरात कुणाला कांजिण्या किंवा ताप असेल, तर कितीही जवळचे असलात तरी त्या वेळी जाऊ नका. फोन करा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना आणि तुम्हालाही तोंडपाठ हवी. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर ती तातडीची बाब आहे. थंडी वाजून हुडहुडी भरली तरी तेच. घरच्या घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण गोळीने ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर फोन करायचा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची. तिथे पोहोचल्यावर ‘ताप आलाय’ एवढंच न सांगता ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. गाडी चालवता येत असेल आणि घर जवळ असेल, तर रात्रीच्या या फोनची जबाबदारी घेणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

ठरलेल्या दिवशी केमो होईलच असंही नाही. सकाळच्या तपासणीत पेशी कमी आल्या तर डॉक्टर सायकल पुढे ढकलतात. रजा काढून, मुलांची सोय लावून तिथवर गेलेल्या बाईला त्या दिवशी फार निराशा येते. अशा वेळी ‘बरं झालं, आराम मिळेल’ म्हणू नका. नवी तारीख लिहून घ्या, तिला घरी आणा आणि नव्या तारखेलाही आपण येतोय हे सांगून टाका.

ओपीडीचा दिवस

परळच्या टाटा मेमोरियलला ज्यांनी एक दिवस काढला आहे, त्यांना सोबत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत, नोंदणीच्या खिडकीवरून रक्त द्यायला, तिथून स्कॅनची तारीख घ्यायला, मग डॉक्टरांच्या दारात नंबर लागेपर्यंत बसायचं. इतर मोठ्या रुग्णालयांतही चित्र फारसं वेगळं नसतं. इथे सोबत गेलेल्या माणसाचं काम पायांचं, कानांचं आणि कागदांचं असतं. रांगेत तुम्ही उभं राहा, तिला बसू द्या.

आदल्या रात्री दोघींनी मिळून प्रश्न लिहून काढा. हातापायांना मुंग्या येतात, तोंड आलंय, झोप लागत नाही, पाळी थांबली आहे, हे सगळं सांगायचं राहून जातं आणि दाराबाहेर पडल्यावर आठवतं. आत डॉक्टर बोलत असताना तिला ऐकू द्या, तुम्ही लिहून घ्या. प्रश्न तिने विचारायचे. ती अडखळली तरच ‘काल तू मुंग्यांबद्दल म्हणत होतीस ना’ एवढी आठवण करून द्या. तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलत सुटू नका.

फाइल तारखेनुसार लावलेली असावी: बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, प्रत्येक केमोची नोंद, रक्ताचे रिपोर्ट. प्रत्येक कागदाचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवला की दुसरं मत घ्यायला किंवा अचानक कॅज्युअल्टीत जायला अडचण येत नाही. पिशवीत पाण्याची बाटली, शाल, चार्जर, सुटे पैसे, कोरडी बिस्किटं आणि उलटीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा. काही औषधांनंतर, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिननंतर, गार पाणी किंवा फ्रिजमधली वस्तू हाताला लागली तरी झिणझिण्या येतात. तसं औषध असेल तर पाणी कोमट न्या.

गावाहून येणाऱ्या मैत्रिणीचा पहिला प्रश्न राहण्याचा असतो. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची अल्प खर्चात सोय करतात. जागा मिळेलच याची खात्री नसते, म्हणून तुम्ही मुंबईत असाल तर आधी जाऊन चौकशी करणं हेच तुमचं काम ठरू शकतं. आधी मुंबईलाच यायला हवं का, हेही विचारून घ्या. नागपूर, बार्शी, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. टाटाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो रुग्णालयं आहेत. उपचारांची दिशा मोठ्या केंद्रात ठरवून केमो घराजवळ घेता येते का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

डबा

आजारी माणसाला डबा द्यायला सगळ्यांना आवडतं, पण केमोत नेहमीचा डबा चालत नाही. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून तिला स्वतःच्याच स्वयंपाकघरात जाववत नाही. त्यामुळे तुमच्या घरी शिजवून, वाफ गेल्यावर डब्यात भरून नेलेलं अन्न तिला सोपं जातं. मुगाची पातळ खिचडी, मऊ वरणभात, भाताची पेज, धिरडी, नीट उकडलेलं अंडं, पनीर हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणून ‘आजारी आहे, हलकंच खा’ म्हणत नुसत्या पेजेवर ठेवू नका. थोडं थोडं पाच-सहा वेळा खाणं बरं पडतं. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, कडक काहीही नको. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा देऊन बघा.

कच्ची कोशिंबीर, बाहेरच्या चटण्या, पाणीपुरी, उसाचा रस, गाडीवर कापून ठेवलेली फळं या दिवसांत टाळायची. घरी धुऊन, साल काढून दिलेलं फळ चालतं. पथ्याचे तपशील मात्र तिच्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा, कारण साखर, मूत्रपिंड, यकृत यांच्या तक्रारी असल्या की पथ्य बदलतं. आणि डबा परत मागू नका. सहा घरांचे सहा डबे घासून, ओळखून, परत पाठवण्याचं काम तिच्या नवऱ्याच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतं.

गव्हांकुर, गोमूत्र, परदेशी फळांचे अर्क, कुठल्याशा वैद्याची पुडी असल्या गोष्टींचे व्हिडिओ तिला पाठवू नका. काही वनौषधींमुळे केमोच्या औषधांचा परिणाम बदलतो, यकृतावर ताण येतो. तिला स्वतःला काही घ्यावंसं वाटलं तर तिची थट्टा करू नका. ते डॉक्टरांना दाखवून मग घे, एवढं सांगा. ‘सुई टोचली की पसरतो’, ‘सुरी लागली की उसळतो’ हा समज अजून घराघरांत आहे. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या भीतीपायी तपासणी लांबते आणि त्या उशिराने खरं नुकसान होतं. कॅन्सर शिवल्याने होत नाही, बाहेरून दिलेल्या रेडिएशनने माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. तिची मुलं तिला बिलगून झोपू शकतात. शेजारपाजाऱ्यांना हे सांगायचं काम तुम्ही करा, तिच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

पैसा आणि कागद

पैशांचा विषय तिच्याशी काढायला संकोच वाटतो, आणि म्हणूनच मित्राने तो काढावा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला उपचार सुरू होण्याआधी भेटायचं. आधी मंजुरी, मग उपचार असा क्रम असतो. खिशातून भरलेले पैसे नंतर मिळतील या भरवशावर राहू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसील कार्यालयातून तो वेळेत काढून आणणं हेसुद्धा एक पूर्ण काम आहे. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. कुठला न्यास कशासाठी पैसे देतो हे तिथल्या लोकांना माहीत असतं, सुरुवात तिथूनच करा.

उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठीच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं. ती धडधाकट दिसते म्हणून कुणी हटकलं, तर पुढे होऊन बोलायला सोबत कुणी असलेलं बरं.

वर्गणी काढायची असेल तर तिची स्पष्ट संमती घ्या. फोटो आणि रिपोर्ट ग्रुपवर फिरवू नका. कुणाला काय सांगायचं हे तिने ठरवायचं. ऑफिसात सांगितलेलं नसेल, मुलीच्या सासरी सांगितलेलं नसेल, तर तुमच्या तोंडून ते जाता कामा नये. तिची इच्छा असेल तर नातेवाइकांना आठवड्यातून एकदा खबर देण्याचं काम एकाच माणसाने घ्यावं. म्हणजे तीच गोष्ट वीस जणांना वीस वेळा सांगण्यातून तिची सुटका होते.

काय बोलावं?

‘पॉझिटिव्ह राहा’, ‘तू तर फायटर आहेस’ या वाक्यांनी तिला रडायचीही चोरी होते. घरी मुलांसमोर, सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर ती धीराने वावरत असते. मैत्रिणीसमोरही तोच मुखवटा लावावा लागला तर मग तिने मन मोकळं कुठे करायचं? ‘मला भीती वाटते’ असं ती म्हणाली तर घाईघाईने धीर देऊ नका. ‘कशाची सगळ्यात जास्त वाटते?’ असं विचारा आणि ऐका. मुलांच्या शिक्षणाची, पैशांची, वेदनेची, मरणाची, यांपैकी कशाची भीती आहे हे कळलं तर काही गोष्टींवर उपाय तरी काढता येतो. काय बोलावं सुचत नसेल तर तसंच सांगा. ‘मला काही सुचत नाहीये गं, पण मी इथेच आहे’ हे पुरतं.

आपल्या आत्याला, शेजाऱ्याला झालेल्या कॅन्सरच्या कहाण्या सांगू नका, त्यांतले कुणी ठणठणीत बरे झाले असले तरी. एकाच अवयवाच्या कॅन्सरचे कितीतरी प्रकार असतात, उपचार वेगळे, निकाल वेगळे. कुणाचा कोप, कुणाची नजर, मागच्या जन्मीचं काही, हे विषय तिच्या घरात कुणी काढले तर ते वळवायची जबाबदारीही घ्या. तोंडाच्या कॅन्सरने आजारी मित्राला ‘किती वेळा सांगितलं होतं तंबाखू सोड म्हणून’ असं ऐकवण्याची वेळ आता गेली. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला काही दिवस बोलता येणार नाही, नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागेल. वही-पेन घेऊन त्याच्याजवळ बसा, आणि तुमच्या खिशात पुडी असेल तर ती आजच टाकून द्या.

काही केमो औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. उशीवर पुंजके दिसण्याआधीच काही जणी केस बारीक करून घेतात, काहींना नको असतं. तिला विचारा. पार्लरमध्ये सोबत जायचं का, विग बघायचा की सुती रुमाल पुरेल, हे तिच्या कलाने घ्या. ‘केस काय, परत येतील’ हे खरं असलं तरी त्या दिवशी म्हणू नका. हळदीकुंकू, डोहाळजेवण, वाढदिवस यांचं आमंत्रण तिला नेहमीसारखं द्या. यायचं की नाही ते ती ठरवेल. तिच्याशी आजाराशिवायच्या गोष्टीही बोला. सोसायटीतलं भांडण, मालिकेतला नवा घोळ, तुमच्या बॉसचा विक्षिप्तपणा हे सगळं तिला पूर्वीइतकंच ऐकायचं असतं. मेसेज पाठवताना शेवटी ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ असं लिहा.

घरातली माणसं आणि तुम्ही

सगळे तिची विचारपूस करतात, तिच्या नवऱ्याची किंवा आईची कुणी करत नाही. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला महिन्यातून एक दुपार मोकळी मिळाली तरी तो सावरतो. तुम्ही तिच्याजवळ बसा आणि त्याला बाहेर पाठवा. घरातल्या रीतीभातीत मात्र ढवळाढवळ नको. औषध कुठल्या फळीवर ठेवायचं, मुलांना काय सांगायचं, हे त्यांनी ठरवायचं.

तुमचीही ताकद मोजकी आहे. शनिवारीच जमणार असेल तर शनिवारच द्या. ‘रोज येईन’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात गायब होण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एखाद्या वेळी नाहीच जमलं तर आधी कळवा आणि बदली माणूस शोधून द्या. ती चिडली, तुसडेपणाने बोलली, तर मनाला लावून घेऊ नका. काही औषधांनी झोप उडते, चिडचिड वाढते. तिचं किंवा तुमचं मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

काही वेळा उपचारांचा उपयोग होत नाही. तेव्हा वेदना कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरबद्दल डॉक्टरांना विचारायला घरच्यांना मदत करा. हे उपचार शेवटच्या दिवसांसाठीच असतात असं नाही. दुखणं, धाप, उलट्या यांवर ते आधीपासूनही घेता येतात. तिला निरवानिरवीचं बोलायचं असेल तर ‘असं काही बोलू नकोस’ म्हणून तिला गप्प करू नका.

उपचार संपल्यावर

शेवटच्या रेडिएशनला पेढे वाटले जातात आणि सगळ्यांना वाटतं, संपलं. स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक रुग्णांना पुढे पाच ते दहा वर्षं हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतात, काहींना वर्षभर इंजेक्शनं. थकवा कित्येक महिने रेंगाळतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून बाजारातली जड पिशवी तुम्ही उचला. फॉलोअपच्या तारखेआधीचा आठवडा तिला खायला उठतो. ती तारीख तुमच्या फोनमध्ये असू द्या आणि त्या दिवशी पूर्वीसारखंच सोबत जा.

आणि सोबत जाताय तर स्वतःचंही बघा. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी वयाच्या तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याची राष्ट्रीय कार्यक्रमातच तरतूद आहे. वर्षभर तिच्यासाठी रांगा लावणाऱ्या कित्येक जणी स्वतःची तपासणी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ढकलत राहतात. तिच्या पुढच्या फॉलोअपच्या आधी ती करून टाका. आणि केलीत की तिला सांगा, कारण तुमची काळजी तीही करत असते.